झाकण मिटल्यावर

खिडकीचा खालचा भाग पडद्याच्या खाली गेला आहे, अप्पा, आणि मला हवी ती ओळ नेमकी तिथेच आहे. ह्या मशीनचा पडदा इतका बुटका की आजचे प्रोग्राम त्यात मावत नाहीत. मी आल्टचं बटण दाबून धरते, खिडकी वर ओढते, तिचं डोकं पडद्याबाहेर जातं तेव्हा कुठे पाय दिसायला लागतात. झाकण मिटल्यावर काय करायचं, असं तिथे विचारलेलं आहे. खाली उत्तरं आहेत. काहीच करू नका. पडदा विझवा. झोपवा. आणि शेवटचं, ज्याच्यासाठी माझे इतके रविवार गेले. आई स्वयंपाकघरात अवरेकाईच्या शेंगा सोलते आहे. मी बोट उचलून ठेवलं आहे, कारण त्याआधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

ही तुमची पाटी. नेटबुक हा शब्द तुम्ही कधी वापरला नाही. मी कॉलेजात गेले तेव्हा तुम्ही ती आणलीत. मोठा लॅपटॉप आणणं जमत नव्हतं, ते बोलून दाखवलं नाहीत, मुलीने खांद्यावर ओझं कशाला वागवायचं एवढंच म्हणालात. त्याच दुपारी टेप काढून तिची लांबी, रुंदी, जाडी घेतलीत, कुणाच्या तरी सफारीचं उरलेलं राखाडी कापड शोधलंत आणि आतून कोटाचं अस्तर लावून पिशवी शिवलीत. चार्जरला वेगळा कप्पा. मी ती खांद्याला लावून पाहिली तर तुम्ही दोन पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून, पट्टा एक बोटभर आखूड केलात. पुढे मला नोकरी लागली, ऑफिसने मोठा लॅपटॉप दिला आणि पाटी जयनगरच्या दुकानात, तुमच्या कटिंगच्या टेबलाच्या टोकाशी जाऊन बसली.

तिच्यावर तुम्ही एकच गोष्ट केलीत. पत्ते लावलेत. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की तुम्ही स्टूल ओढून बसता, आई शेजारी काज करत बसलेली असते. ती पाटीला हात लावत नाही, पण तिची मान सुईकडे आणि डोळे पडद्याकडे असतात.

"अहो, तो गुलाम."

"दिसला."

"दिसला तर ठेवा की राणीवर."

"स्वल्प थांब. त्याच्याखाली काय निघेल ते बघायला नको?"

"खाली पत्ता निघेल. अजून काय निघणार, बटण?"

दुकानात ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक हसतं, तुम्ही हसत नाही. आठ वाजतात. आई मशीनवर खोळ घालते, कातर मिटून खणात ठेवते. तुम्ही इस्त्रीचं बटण बंद करून ती उभी करता. आईचा हात मेन स्विचकडे गेलेला असतो, तुम्ही रोज तेच म्हणता, "इस्त्री निवू दे." इस्त्री निवेपर्यंत दिवा हवा, माणूस जवळ हवं, शेजारच्या दुकानात एकदा कुणी घाई केली होती आणि भिंत काळी झाली होती. तुम्ही तळवा इस्त्रीच्या जवळ नेता, मग टेकवता, मग मान हलवता. मेन बंद. डाव अडकलेलाच असतो. गिऱ्हाइकांना रोज सांगता तेच पत्त्यांना सांगता, "नाळे." उद्या. आणि पाटीचं झाकण मिटता.

पाटी नुसती मिटू नका, नीट बंद करा म्हणून मी किती वेळा सांगितलं. एकदा तुम्ही चिडलात. आयुष्यात फारसे चिडला नाहीत, म्हणून लक्षात आहे. "अर्धी शिवलेली पँट रात्री कुणी उसवून ठेवतं का?" म्हणालात. सकाळी झाकण उघडलं की बॅटरीवर झोपलेला डाव तसाच जागा व्हायचा आणि चहाच्या आधी तुम्हाला तो पत्ता दिसायचा. मला ह्याचं नवल वाटे. दिवसभर ज्या नजरेला एक टाका वाकडा गेलेला खपत नसे तिला आठ वाजता समोरचा नव्वा दिसत नसे.

तुम्ही गेलात तेव्हा दुकान बंद होतं आणि पाटी आत होती. सगळं आटोपून आम्ही शटर उघडलं तोवर तिची बॅटरी उतरून गेली होती. मी चार्जर लावला, ती सुरू झाली, हिरवा पट आला, आणि त्यावर नवे पत्ते वाटले गेले. आईने पट पाहिला. "हा आपला डाव नाही," म्हणाली. झाकण मिटलं, पाटी राखाडी पिशवीत घातली, चेन ओढली. तिने नंतर दुकान चालवलं, फॉल-पिको केलं, ब्लाउज शिवले, पण ती पिशवी उघडली नाही. मीही नाही.

आता आई माझ्याकडे राहायला आली आहे. गुडघे चालत नाहीत, दुकानाची जागा मालकाला परत दिली. कोरमंगलातल्या ह्या फ्लॅटमध्ये तिला काही करायला उरलेलं नाही. खाली सगळी पीजीतली मुलं, डिलिव्हरीच्या स्कूटर, ओळखीचं कुणी नाही. ती खिडकीशी बसते आणि हात मांडीवर ठेवते. मी तिला हात रिकामे ठेवून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. टीव्ही लावला तर बघते, बंद केला तर भिंत बघते. विचारलं तर "सरी गं, बरं आहे," म्हणते. आणि मग दुकानातलं सामान लावताना ती पिशवी वर आली, तेव्हा पहिल्यांदा तिने काहीतरी मागितलं. "त्यात ते पत्ते आहेत का अजून?"

म्हणून हा सगळा खटाटोप. पाटीतलं विंडोज सुरू होता होता अडकत होतं. पत्ते लावून देणं अवघड नव्हतं, अप्पा, पत्ते कशावरही लागतात. पण डाव रात्रभर राहिला पाहिजे. एखाद्या सकाळी तिच्यापुढे पुन्हा नवे पत्ते आले तर ती झाकण मिटेल, आणि ह्या वेळी मला काही मागणार नाही. मला भीती वाटली ती ह्याची.

एस. पी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या बाजारात बॅटरी शोधायला गेले. दुकानदाराने पाटी हातात घेऊन फिरवून बघितली, जशी तुम्ही जुन्या फॅशनची पँट बघायचात. "अक्का, इसका बॅटरी अब नहीं आता. इसको शोकेस में रखो." मग म्हणाला टॅब घ्या, हलका आहे, अम्मा को अच्छा लगेगा. मी त्याचे आभार मानून निघाले. बॅटरी नाही, म्हणजे पाटी भिंतीतल्या विजेवरच चालणार. आणि आई तर रोज आठला घरातली सगळी बटणं बंद करत फिरते. फ्रिज तेवढा सोडते, तोही मी हात जोडल्यावर. "तुमच्या घरात रात्रभर लाल डोळे उघडे असतात. झोप लागत नाही मला," म्हणते. वायफायचा डबा बंद करते. माझा फोन चार्जिंगवरून काढते. तिला समजावण्यात अर्थ नाही, तिने आयुष्यभर इस्त्री असलेल्या खोलीला कुलूप लावलं आहे.

विंडोजऐवजी लिनक्स घालायचं ठरवलं. तुम्हाला कळेल असं सांगते. कापड सगळ्यांना एकच, फुकट मिळणारं, आणि ते शिवून देणारे शिंपी पुष्कळ. प्रत्येकाच्या शिवणीला वेगळं नाव, त्याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. कुणी तंग शिवतो, कुणी ढगळ, कुणी जरी लावतो. मी आधी इंटरनेटवर 'जुन्या मशीनसाठी सर्वोत्तम' असं शोधत बसले आणि लोकांची भांडणं वाचत राहिले. एक म्हणतो हे घाला, दुसरा म्हणतो ते घालणारा वेडा. कधीतरी मला तुमचं गिऱ्हाईक आठवलं, जुनी पँट घेऊन येणारं, 'अण्णा, ह्याच मापाची शिवा' म्हणणारं. तुम्ही ती पँट बाजूला ठेवायचात. "हे माप तेव्हाच्या तुमचं आहे. उभे राहा." मी इंटरनेट बंद केलं आणि पाटीला उभी केली.

मेमरी एक जीबी. डिस्क जुनी, फिरणारी. प्रोसेसर बत्तीस बिटचा, आणि तिथेच निम्म्याहून जास्त शिंपी बाद झाले, कारण इतक्या जुन्या अंगाचे कपडे आता बहुतेकांनी शिवणं बंद केलं आहे. लुबुंटू नावाच्या शिंप्याने तर ते कधीच बंद केलं. पपी नावाचं एक आहे, ते एवढंसं, सगळं मेमरीतच घेऊन पळतं. पाटी कॉलेजातल्यापेक्षा जोरात धावायला लागली आणि मला हसू आलं. पण त्याची पद्धत रोज नीट बंद करून रोज नव्याने सुरू करण्याची. चांगली पद्धत आहे. मी तुम्हाला तीच शिकवत होते. आणखी एक घातलं, ते इतकं देखणं होतं की घड्याळ उघडायलाही वेळ घेई. आणखी एक झोपायचं आणि उठायचं नाही, पंखा फिरत राहायचा आणि पडदा काळा. आईने मागून डोकावून विचारलं, "अजून फिटिंग चाललंय?" मी म्हटलं, नाळे. ती भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली.

शेवटी डेबियन. नवी आवृत्ती ह्या मशीनला बसत नाही, तिच्या आधीची बसते आणि तिची डागडुजी अजून होते आहे. वर सगळ्यात कमी नटलेला डेस्कटॉप. आणि डिस्कवर मेमरीपेक्षा थोडी जास्त जागा कोरी सोडली, तुम्ही शिवणीच्या आत माया, जादा कापड, सोडायचात तशी. ती जागा ह्या शेवटच्या उत्तरासाठी आहे. त्याला हायबरनेट म्हणतात. झाकण मिटलं की मशीन जे जे उघडं आहे ते सगळं त्या जागेत उतरवून ठेवतं आणि मग पूर्ण विझतं. विजेची गरजच नाही. कुणी स्विच बंद केला तरी चालतं. फक्त उतरवून व्हायला वेळ लागतो, जुनी डिस्क आहे, आणि तेवढा वेळ स्विचला हात लागता कामा नये. एक छोटा दिवा लुकलुकत असतो, तो विझेपर्यंत. आईचा हात किती चटकन जातो ते तुम्हाला माहीत आहे.

शेंगा सोलून झाल्या वाटतं. भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी चौथ्या उत्तरावर टिचकी मारते आणि पत्ते उघडून तिला हाक मारते. हे लिहिणं पत्त्यांच्या मागे तसंच उघडं राहील.

काल इथवर लिहून थांबले होते. आई आली, मी उठून तिला खुर्ची दिली. तिने आधी हात पदराला पुसले. गठ्ठ्यातली तीन-तीन पानं उलटायची तुमचीच पद्धत मी ठेवली होती. सुरुवातीला ती मला सांगत राहिली, हा इथे, तो तिथे; मग मीच तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. "मी नाही बाई," म्हणाली, आणि इस्पिकचा एक्का वर गेला. दोन डाव तिने सोडून दिले. तिसरा चालला, पुष्कळ वर गेला, आणि आठ वाजायला आले तेव्हा अडला. ती चष्मा वर करून बघत राहिली. "साकू," म्हणाली, पुरे. झाकण तिनेच मिटलं. मी दिव्याकडे बघत होते, तो लुकलुकायला लागला, आणि तिचा हात स्विचकडे गेला. कसं सांगायचं ते मी दिवसभर ठरवलं होतं, डिस्क, मेमरी, एक मिनिट. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आई, इस्त्री निवू दे."

तिचा हात तिथेच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मग दुसऱ्या हाताचा तळवा तिने पाटीच्या झाकणावर टेकवला आणि तशीच उभी राहिली. पाटी गरम होती, आतल्या डिस्कची घरघर हाताला लागत असणार. दिवा विझला. मी काही म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "निवली," आणि स्विच बंद केला. मग वायफायचा डबाही.

हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. डाव अडलेला नव्हता. उजवीकडून दुसऱ्या रांगेत किलवरची दश्शी होती आणि उलटलेल्या पानांवर चौकटचा नव्वा. मला तो लगेच दिसला. मी सांगितलं नाही. डाव पुढे गेला असता, कदाचित लागला असता, आणि रात्री ठेवायला काही राहिलं नसतं.

सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा आई आपणहून पाटीशी जाऊन बसली. तिने स्विच लावला, झाकण उघडलं, पाटीचं बटण दाबलं. पडदा काळा राहिला, मग काही अक्षरं सरकली, मग कालचा डाव आला. तिने नव्वा उचलून दश्शीवर ठेवला.

"काल दिसला होता मला," म्हणाली. "हे पण असंच करायचे."