पेटीवाल्याची लाल गिटार

बाबा, परवा जुनी वाद्यं जमवणारे एक गृहस्थ घरी आले होते. तुमची लाल गिटार त्यांनी उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, कोणत्या कंपनीची? मी म्हटलं, कंपनी कसली, सदरच्या बाजारात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या माझ्या वडिलांची! माझी मान अशी ताठ झाली होती, की तुम्ही असता तर म्हणाला असता, "जास्त फुगू नको वं." फुगणारच मी.

तशी ती कामठीच्या एका फौजी बँडवाल्याकडून घेतलेली, गोल खांद्यांची, मळकट रंगाची जुनी गिटार. मी एकोणीस वर्षांची. ऑर्केस्ट्राच्या मालकांना माझा हात आवडला, पण हे खोकं घेऊन स्टेजवर यायचं नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. त्यांना हवी होती रेकॉर्डच्या कव्हरवरच्या वादकाच्या हातात दिसते तशी दोन शिंगांची, लाल, अमेरिकन. मी घरी येऊन रडले. तुम्ही हातातला भाता बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "कवर दाखव मले."

तुम्ही खांदे कापलेत, सागवानाची शिंगं सरसानं चिकटवलीत, पेटीच्या पट्ट्यांना लावायच्या पांढऱ्या सेल्युलॉइडची तबकडी बसवलीत. सगळं कव्हरशी ताडून. चौथ्या दिवशी मी गिटार मांडीवर घेते, तर लांब शिंग खाली आणि आखूड वर! तुम्ही कव्हर घेऊन दारातल्या उजेडात जाता, चष्मा कपाळावर चढवता आणि मटकन खाली बसता. "अवं, हा बुवा तं डावखोरा हाय!" आपण दोघं पोट धरून हसलो. मग शिंगं काढून पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवटी लाल रंग. वर त्या अमेरिकन कंपनीचं नावही रंगवा म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. "ज्यानं बनवली नाही त्याचं नाव काहून टाकू?"

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तुम्ही तिसऱ्या रांगेत होता. निवेदक माइकवर म्हणाला, "थेट अमेरिकेहून आलेली गिटार!" टाळ्या पडल्या. मी वाजवलं, आणि खरंच छान वाजवलं. परतताना सायकल हातात धरून तुम्ही म्हणालात, "आवाज काय मस्त निघून राहिला होता वं! तो माइकवाला मात्र काहीही ठोकून देते." पुढे कित्येक वर्षं त्या दिवसाचा विषय निघाला, की तुम्ही त्याला दोन शिव्या हासडायचात आणि मी मान डोलवायची.

बाबा, तो बिचारा स्वतःच्या मनानं काही बोलला नव्हता. पडद्यामागे त्यानं विचारलं, तेव्हा अमेरिकेची असं मीच सांगितलं. पेटीवाल्यानं घरी केलेली म्हणायची मला लाज वाटली. तुम्ही होता तोवर हे तोंडातून निघालं नाही, आणि आजही तुम्ही वाचणार नाही म्हणूनच लिहितेय.