खालून वर लिहिलेली वही

३ मार्च १८७४, वेदरली

डनेडिनहून दोन दिवस बग्गीत हाडं खिळखिळी झाली, पण पोचलो. महापौर टिलयार्डसाहेबांनी दारातच पाठीवर थाप मारली, जेवायला मटण आणि जर्दाळूचा मुरंबा. पुढच्या महिन्यात ते प्रांताच्या कौन्सिलला उभे आहेत; त्याआधी मी त्यांचं चरित्र लिहून द्यायचं. तरुणपणी हे गाव त्यांनीच मोजलं. मी नसतो तर इथे नुसती दलदल असती, असं जेवताना तीनदा म्हणाले. फुशारकी मारतात, पण माणूस आवडला.

५ मार्च

दलदलीच्या मोजणीची वही सापडली, वीस वर्षांपूर्वीची. मोजणीच्या साखळीचं पुढचं टोक जोरी ब्ल्यूएट नावाचा गडी धरायचा, मागचं साहेब. जोरीने खिळा रोवून हाक मारायची, साहेबांनी 'आलो' म्हणायचं, मग साखळी पुढे. शेवटच्या पानावर वरून खाली वाचलं: पायरी, फळबाग, पूल, दलदल. म्हणजे घरापासून दलदलीकडे. पण पूल तर गेल्या वर्षी बांधलेला! विचारलं, तर साहेबांनी वही मिटली. जोरी सोन्याच्या नादाने पळून गेला असं लिहायला सांगितलं. लिहिलं.

७ मार्च

पुलावर मोजणीचा खिळा रोवलेला, लाल चिंधीचा. कालपर्यंत नव्हता. साहेबांना सांगितलं तर चहा तसाच टाकून ते उठून गेले.

८ मार्च

फळबागेत दुसरा खिळा. घर सांभाळणाऱ्या मिसेस गन यांना वही दाखवली. त्यांचा नवरा मोजणीखात्यात होता. त्या म्हणाल्या, मोजणीदार पान खालून वर लिहितो, पुढे चालत जातो तसं.

मी उलटं वाचलं होतं. रेघ दलदलीतून निघून घराकडे येतेय.

मग हळूच म्हणाल्या, जोरी कुठे पळाला नाही. धुक्यात तो दलदलीत रुतला, साखळी धरून हाका मारत राहिला. आपणही ओढले जाऊ म्हणून साहेबांनी आपलं टोक सोडून दिलं. गावाला ठाऊक आहे. महापौरापुढे बोलणार कोण?

९ मार्च, सकाळ

जोरी पळून गेल्याचं ते वाक्य खोडतो म्हणालो. साहेब शांतपणे म्हणाले, "मेलेला माणूस मत देत नाही, पास्को. राहू दे ते." जाताना माझ्या माडीवरच्या खोलीला बाहेरून कडी घातली. मला भीती वाटते.

दुपार

पायरीवर खिळा. खिडकीतून दिसतो. वहीत पायरीच्या वर नवा शब्द — शिसपेनीची अक्षरं ओली — जिना.

चार वाजता

खालून हाक आली. साहेब दाराबाहेर उभे आहेत, धाप ऐकू येते. 'आलो' एवढंच म्हणायचंय त्यांनी. कडी काढा म्हणून ओरडलो —

पुन्हा हाक. जिन्यात. साहेब गप्प.

वाक्य खोडलं. खरं लिहिलं, साहेबांच्या नावानिशी.

जिन्याच्या वर नवा शब्द — टेबल —

बाहेरची धाप थांबली. दाराखालून साखळीची पितळी मूठ आत आली, चिखलाने भरलेली. साहेबांनी सोडलेलं टोक. हाक आता दारातच — थकलेला आवाज, रडवेला — कोणीतरी ओ द्यायला हवी, वीस वर्षं झाली — धरतो मी — आ