बॉयलरची निळी काच

बाबा, वीज केंद्रातला तुमचा संच बंद होणार आहे. म्हातारा झाला, कोळसा फार खातो म्हणतात. उंच चिमणीसुद्धा पाडतील. खामगावात ही बातमी ऐकली आणि मला आधी काय आठवावं? आईची चूल!

बॉयलरच्या झरोक्यातून आग पाहायची ती निळी काच तुमच्या खिशात कायम असायची. ड्यूटी संपली तरी तुमची सवय काही सुटत नव्हती. आई भाकरी भाजतेय आणि तुम्ही चुलीपुढे वाकलेले, एक हात गुडघ्यावर, एक डोळा मिटलेला, दुसऱ्यापुढे काच. "हवा कमी पडून राह्यली. जाळ पिवळा हाय." आई पिठाचा हात झटकते. "माही चूल हाय ते, तुमचा बॉयलर नाही! सरका तिकडं, भाकर करपली." खरंच करपलेली असायची. ती तुम्ही मुकाट्यानं खायचे आणि मी तेवढ्यात विचारायची, "बाबा, तिथं आत काय दिसते?" "काय दिसन? आगच ते." "मले दाखवा न." "दाखवतो न एक दिवस." दाखवतो दाखवतो म्हणता तुम्हीच गेले.

मला तुमची फार कीव यायची. रोज त्या भट्टीपुढे उभं राहायचं म्हणजे शिक्षाच वाटायची. पण मग भर उन्हाळ्यात ड्यूटीवर निघताना तुम्ही शीळ काऊन घालायचे? हे कोडं सुटत नव्हतं. आग विझली की ते कायमचंच राहणार, म्हणून मागच्या आठवड्यात मी तिथं जाऊन आले. जलंबला गाडी बदलून, तुमच्याच वाटेनं.

तुमच्या जुन्या सोबत्याचा जावई आता तिथं ऑपरेटर आहे. त्यानं परवानगी काढली, हेल्मेट दिलं. "आता कोणी वाकत नाही, ताई. सारं टीव्हीवर दिसते," म्हणाला. मी पर्समधून तुमची निळी काच काढली तसा हसायलाच लागला. "घ्या, पाहा. पण झरोक्याच्या जरा बाजूले उभ्या राहा."

मी वाकले. हात आपोआप गुडघ्यावर गेला, एक डोळा मिटला.

अगं बाई! आग फिरत होती, बाबा. चारी कोपऱ्यांतून येत होती, मधे एक होत होती आणि यात्रेतल्या पाळण्यासारखी गोल, सावकाश फिरत होती. जांभळट, पांढरी, मधेच गुलाबी. इतकं देखणं असतं ते? आणि तुम्ही म्हणायचे, आगच ते! लबाड कुठले. एवढी वर्षं एकट्यानं पाहत राहिले. मी उगाच कीव करत बसले तुमची.

"दिसलं काय, ताई?" जावयानं विचारलं.

"नीट नाही दिसलं. अजून एकदा पाहू द्या," मी म्हणाले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगून टाकते. पहिल्याच वेळी सगळं दिसलं होतं.