टाकीतली वाळू, दगडावरची झाडं आणि आमचे मालक

मी, चतुराबाई रामकिसन वाघचौरे, वय एकोणसत्तर, राहणार पडेगाव, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीनं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल तर डॉक्टर वैदेहीबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. उलट हे लिहू नको म्हणून मालक सकाळपासून रुसून बसलेत.

लिहिण्याचं कारण एकच. मी आधी गेले तर मालकांचं काय होणार? आमच्या गल्लीतल्या बद्रीनाथभाऊंची बायको गेली आणि पोरांनी त्यांना महिना-महिना वाटून घेतलं. माणूस कायम पिशवी भरून बसलेला. पोरं वाईट नाहीत, पण माझ्या माणसाचं असं झालेलं मला चालणार नाही.

कलम १. माझ्या नावावरचं राहतं घर मालकांनी हयातभर वापरावं. त्यांच्यानंतर मुलगा शिवराज आणि मुलगी अपेक्षा यांना निम्मं-निम्मं. अपेक्षाकडं हक्कसोडपत्रावर सही मागायची नाही. मागेल त्याला माझा तळतळाट लागेल.

कलम २. पाटल्या अपेक्षाला, बोरमाळ सूनबाई मोनिकाला. मोनिकानं ती मोडून नव्या फॅशनचं काही करू नये. केलंच तर मला कळणार नाही, तरी करू नये.

कलम ३. बैठकीतली माशांची टाकी मालकांना. शिवराज पुण्याला जाताना "आई, तुम्हाला करमंल," म्हणून देऊन गेला होता. मासे सिक्लिड जातीचे, निळे-पिवळे, दिसायला देखणे आणि वागायला लई दांडगे. दिवसभर तळ उकरतात. दुकानदारानं तळाला रंगीत खडे दिले होते, ते त्यांना उचलेनात. तेव्हा मालक म्हणाले, "आपल्या रानातली काळी माती टाक. काठी रोवली तरी पालवी फुटंल." मीही शेतकऱ्याचीच लेक, भुलले. माशांनी ती अशी घुसळली की टाकीत मासे आहेत का म्हैस, तेच दिसेना!

म्हणून तळाला बारीक वाळूच ठेवावी, पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली. मोठे दगड आधी खालच्या काचेवर नीट टेकवावेत आणि मग भोवती वाळू पसरावी. नाहीतर मासे खालून पोखरतात आणि दगड कोसळतो. त्यांनी केलेले खड्डे सारखे करत बसू नये, ते त्यांचं घर आहे.

झाडांचं सांगते. कोवळ्या पानाचं काही लावलं की मासे मेथीच्या भाजीसारखं फस्त करतात. टिकतं ते फक्त अनुबियास, जाड पानांचं. मुळ्या फुटतात ती त्याची जाड गाठ वाळूत पुरली की कुजते. हे मालकांना पटतच नाही. "मुळी जमिनीत नाय, ते झाड कसलं?" म्हणून दोनदा पुरलं आणि दोनदा कुजवलं. अहो, गोधडीच्या दोऱ्यानं ते दगडाला बांधा, मुळ्या आपसूक धरतात. पाणी बोअरचंच घालावं. ज्या क्षारानं आमचे गिझर खाल्ले, तोच ह्या माशांना मानवतो.

"मला माशांचं कवतिक नाय," असं मालक चारचौघांत सांगतात. पण मी स्वयंपाकघरात असले की पिवळ्या माशाशी गप्पा मारतात, हे मी ऐकलेलं आहे.

कलम ४. दीर साहेबराव दर वेळी काचेवर टिचक्या मारून "वहिनी, ह्यांचा रस्सा कधी?" असं विचारतात. त्यांना ते रंगीत खडे आणि प्लास्टिकची झाडं द्यावीत. बाकी काही नाही.

कलम ५. भरलेली टाकी हलवली तर काच तडकते, आणि वाळू-दगड उपसले तर मासे दगावतात. म्हणून ती आहे तिथंच राहील आणि तिची निगा फक्त मालक करतील. तो हक्क मी दुसऱ्या कुणालाही देत नाही. त्यामुळं मालकांना महिनाभर इकडं, महिनाभर तिकडं नेता येणार नाही. ज्याला बाप हवा असेल, त्यानं पडेगावला यावं.

हे वाचून दाखवल्यावर मालकांचा रुसवा गेला. डोळे पुसून म्हणाले, "व्हय, समदं खरं. पण तू कुठं निघालीस इतक्यात?" मी कुठंही निघालेली नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

सही: चतुराबाई रामकिसन वाघचौरे

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. कडुबा भगवान ठोंबरे, शेजारी
२. अनसूया मधुसूदन पाठक, मैत्रीण

स्थळ: पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ डिसेंबर २०२५