काविळीची माळ

३ ऑगस्ट
विंझरला पोचले एकदाची! एसटीतून उतरले तर घरमालकीण फुलाबाई छत्री घेऊन फाट्यावर हजर. खोली मस्त आहे, खिडकीतून भातखाचरं दिसतात. उद्यापासून इथल्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रुजू. पुण्यात सहा वर्षं यकृताच्या काचपट्ट्या बघितल्या, आता जरा माणसांची तोंडं बघायची. आई म्हणाली, सोनिया, तिकडं एकटी कशी राहशील? राहून दाखवते.

२ सप्टेंबर
घ्या! लोकांच्या काविळीचे रिपोर्ट लिहिता लिहिता मलाच कावीळ. माझं रक्त मीच तपासलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. फुलाबाईंनी मात्र डोंगरावरच्या ज्ञानूबाबांना बोलावलं. ते हिरव्या काड्यांची माळ बांधतात. ती डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरंल तशी ती वाढून गळ्यात येती म्हणे. मला हसूच आलं. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. त्यात कसली आलीय जादू? हेच दाखवून द्यायला घालून घेतली. जाताना बाबा एवढंच म्हणाले, की आपसूक गळंल, कापायची न्हाई.

८ सप्टेंबर
माळ गळ्यात आली. फुलाबाईंनी हात जोडले. कावीळही उतरलीय, पण ती विश्रांतीनं. उद्या लॅबला हे लटांबर घालून जाऊ? छे! कात्रीनं कापली आणि खुंटीला अडकवली.

९ सप्टेंबर
सकाळी माळ पुन्हा गळ्यात. कापल्या जागी पांढरी, टणक गाठ. फुलाबाईंचंच काम म्हणून मी भांडायला गेले. त्यांनी लेकराची शपथ घेतली, म्या न्हाई घातली म्हणाल्या. मी त्यांच्यासमोर परत कापली.

११ सप्टेंबर
चारदा कापली, चार गाठी. माळ बोटाएवढी जाड झालीय, गळ्याला घट्ट. गाठीचा कपचा काढून मायक्रोस्कोपखाली धरला. काडी नाहीच ती. चांदणीच्या आकाराच्या पेशी, आणि त्यांनी विणलेले धागे.
हे मी हजारदा पाहिलंय. यकृतात या पेशी निवांत असतात. जखम झाली की जाग्या होतात, धागे विणून ती बुजवतात. जखम थांबली तर धागे हळूहळू विरतात. पुन्हा पुन्हा होत राहिली तर व्रणावर व्रण साचतो आणि यकृत दगड होतं. म्हणजे मी कापते म्हणून ही आवळते.
कळलं सगळं. पण चार काड्यांपुढं मान तुकवायची? मी? आज अजून दोनदा कापली.

१३ सप्टेंबर
घास उतरत नाही. आवाज गेला. पुण्याला नेलं तर तिथंही आधी कात्रीच चालवतील. नाही जायचं.
आता हिच्याशी माझ्या पद्धतीनं लढणार. कात्री विहिरीत टाकली. ही हार नाही. मी हात लावणार नाही, म्हणजे हिला विणायला काही उरणार नाही. मरायला आले नाही मी इथं.

१५ सप्टेंबर
दोन दिवस कापली नाही. मऊ पडलीय! करंगळी आत जाते. घोटभर चहा उतरला. आणखी तीन दिवस पुरे. बघच तू.

१६ सप्टेंबर, दुपार
फुलाबाई आल्यात. माझं तोंड बघून रडू लागल्या — लई काळवंडली गं पोर, म्हणतात —
हातात विळा.
बाबाचं बोलणं जाऊ दे चुलीत, म्हणतात, पोरीचा जीव चाललाय — मान हलवतेय मी — त्यांना वाटतं तडफडतेय — ओरडायला आवाज नाही —
मोठ्या अक्षरांत लिहिलं, वही त्यांच्या डोळ्यांपुढं धरली —

कापू नका

मला कुठं वाचाया येतंय बाय, म्हणतात — भिऊ नको म्हणतात — हनुवटी वर धरलीय — मी ढकलतेय — ढकलणारच — फुलाबाई, दोनच दिवस, नुसते दोन —

कापू न