एकोणीस एक आणि काळे सर

७ जाने.
जुन्या शाळेतून फोन. काळे सर रिटायर होऊन राह्यले, माजी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोला. लगेच हो म्हटलं.
दहावीत यायनंच फळ्यावर एकोणीस वेळा एक लिहिला. कशानं भाग जाते? मी म्हटलं, कशानंच जात नसन. आई लोकाच्या वावरात निंदायले जाते हे त्यायले माहीत होतं. "जाते म्हणजे जाते. तू आईसंगं निंदायले जाय, गणित तुह्या घरचं नाही." तास संपेपर्यंत उभं ठेवलं. गणिताच्या स्पर्धा परीक्षेच्या यादीतून माह्यं नाव कापलं.
आता राळेगावले कॉलेजात गणितच शिकवते मी.

११ जाने.
कॉम्प्युटरवर पुन्हा तपासलं. मूळ संख्याच. एक अन् ती स्वतः, बाकी कोणाचाच भाग जात नाही. भाषण दोन ओळींचं.

१८ जाने.
झालं. आधी सर बोलले. म्हणे वंदनाले गणिताची गोडी मीच लावली. टाळ्या. मग मी माईक घेतला.
"सर, एकोणीस एक. तुम्ही म्हणालते भाग जाते. कशानं?"
"तीननं," म्हणाले, हसत.
आठवीतली पोरगी समोरूनच बोलली, आकड्यांची बेरीज एकोणीस येते, तीननं कसा जाईन. सारा हॉल हसला. सर खाली बसले.
मी न जेवताच निघाली. बसमध्ये एकटीच हसत...

२ फेब्रु.
सर घरी आले, एसटीनं. वहीत सात, अकरा, तेरा, असे हजारापर्यंतचे भागाकार. सगळे हातानं. बाकी उरतेच म्हणे.
सगळी मेहनत फुकट, संख्या मूळच. भाग गेलाच असता तर अडतीसच्या पाढ्यात एक मिळवलेल्या संख्येनंच. १९१, २२९, अशा. बाकीच्या तपासायचं कामच नाही. सांगितलं नाही. चहा दिला.
"चालू ठेवा, सर."

२३ फेब्रु.
दुसरी वही. तीन हजारांच्या पुढं. बोटाले पट्टी. सून चिडते म्हणे. मले बरं वाटलं. खोटं कायले लिहू, बरंच वाटलं.

१५ मार्च
आज सरनं वही उघडलीच नाही. "वंदनाताई, भाग जाते का नाही, एवढं सांगा." पहिल्यांदा ताई.
ओठावर आलतं. पण विचारलं, मले उभं केलतं तो दिवस आठवते का.
"नाही. कोणाकोणाले उभं केलं..."
मी कोरी वही दिली. त्यायनं घेतली. ओसरीतच बसून भागाकार मांडला. मी आत हे लिहून राह्यली, ते अजून बाहेरच आहेत.