काच कुठवर धरते

अप्पा, मी काय विकते हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही होता तोवर मी कलबुर्गीच्या एका दुकानात घरांच्या खिडक्या विकत होते. साधी काच, सरकत्या चौकटी, फार तर मच्छरजाळी. आता विकते ती काच स्फोट झेलणारी. म्हणजे जवळपास कुठं टाकी उडाली, गॅसचा भडका झाला, तर ही काच तडकते, पण तिचे तुकडे सुऱ्यांसारखे माणसांच्या अंगावर येत नाहीत. दोन काचांच्या मध्ये एक चिवट, पारदर्शक पापुद्रा असतो, फुटलेले तुकडे त्याला चिकटून राहतात. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "मग फुटतीच की!" फुटते, अप्पा. फुटून जागेवर राहते, एवढंच तिचं काम, आणि ते काही लहान काम नाही. पण आमच्या कंपनीच्या जाहिरातीत असं लिहीत नाहीत. तिथं मोठ्या अक्षरात असतं, "काहीही फुटो, तुम्ही निर्धास्त."

निर्धास्त हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला चिटगुप्प्याच्या बाजारातला तो कर्णेवाला आठवला. चुलता घरी मागावर घोंगडी विणायचा आणि तुम्ही ती बाजाराला न्यायचात. आपल्या समोरच एक दुसरा घोंगडीवाला कर्णा लावून ओरडायचा, "समिंदरात बुडवा, आतला माणूस कोरडा!" लोक हसायचे आणि हसत हसत त्याच्याकडं वळायचे. तुम्ही पांढराशुभ्र फेटा बांधून उभे. दिवसभरात एकदाही बसायचा नाहीत. एकाशी कानडीत, दुसऱ्याशी दखनीत, तिसऱ्याशी मराठीत, आणि तिन्ही भाषांत तुम्हाला बोलायचा सारखाच हुरूप. कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर यायची ती खरं तर तुमचं बोलणं ऐकायला. चिंताकीकडचा एक मेंढपाळ आलाय, घोंगडं उलटसुलट करून बघायलाय. त्यानं काही विचारायच्या आधीच तुम्ही सांगून टाकता, "रिमझिम असली तर दिसभर पानी आत येऊ देत न्हाई. पर झोडपून आला तर झाडाखाली पळा. घोंगडं काय पळत न्हाई, पळायचं तुमालाच." तो गडी हसला. मग तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "थंडीचं मात्र विचारू नका. बायकू रुसून माहेरी जाईल, ही ऊब जायची न्हाई."

त्यानं ते घोंगडं घेतलं. पण कितीतरी जण न घेता कर्ण्याकडं गेले, आणि ते बघून मला राग यायचा. परतताना टेंपोत मी विचारलं होतं, "अप्पा, त्यानं पावसाचं विचारलंच न्हाई. मग तुम्ही आपणहून कामून सांगायलाव?" तुम्ही फेटा सोडून मांडीवर घेतला होता. बाहेर तुरीच्या रानाकडं बघत म्हणालात, "पोरी, तो हे पांघरून मेंढरामागं रानात जातोय. मी भिजत न्हाई म्हणलो तर तो ढगाकडं बघायचं सोडतोय. घोंगडं भिजलं तर वाळतंय. पर माझ्या शब्दावर त्यानं ढगाकडं बघायचं सोडलं, तर त्याचं काय?"

हे ऐकून मला वाटलं, आता आपल्याला धंदा कळला. पुढच्या बाजारी तुम्ही एका ओळखीच्या माणसाशी बोलायला गेलात, तेवढ्यात एक बाई आल्या. मी त्यांना सगळं सांगून मोकळी झाले. नवं असताना टोचतं, भिजल्यावर वास येतो, जपलं नाही तर कसर लागते. बाईंनी घोंगडं खाली ठेवलं आणि निघून गेल्या. तुम्ही मागंच उभे होता, मला माहीत नव्हतं. सगळ्या बाजारादेखत तुम्ही ओरडलात, "तू घोंगडं विकायलीस का त्याची तिरडी बांधायलीस? चांगलं हाय ते चांगलं म्हणायला जीभ कामून अडती? चुलत्यानं पाठ मोडून विणलंय ते! खरं बोलायचं म्हंजी मालाला शिव्या द्यायच्या असं कुणी शिकिवलं तुला?" मी रडले. तुम्ही जाऊन गरम भजी घेऊन आलात, माझ्यासमोर ठेवलीत, पण बोललेला एकही शब्द मागं घेतला नाहीत. आज वाटतं, बरं झालं घेतला नाहीत. नुसतं खरं बोलणारी माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली. खरं बोलून समोरच्याला हसवणारा आणि वर माल खपवणारा माणूस मी एकच पाहिला.

नोकरी लागली तेव्हा तुम्ही बसवकल्याणहून माझ्यासाठी बूट आणलेत. बंद, काळे, पुरुषी, एक बोट मोठे. माय म्हणाली, पोरीच्या पायात हे कसलं? तुम्ही म्हणालात, "विकणाराला दिसभर उभं ऱ्हावं लागतंय. चपलीत पाय सुजत्यात." ते बूट मी टाचा झिजेपर्यंत घातले. पण तुम्ही त्याच वर्षी गेलात.

या काचेच्या कंपनीत आल्यावर आम्हा विकणाऱ्यांना एकदा चाचणी दाखवायला नेलं होतं. दूर माळावर सिमेंटच्या खोल्या बांधल्या होत्या, त्यांना खिडक्या, आणि समोर अंतरावर स्फोटाची दारू पुरलेली. आम्ही कानाला झाकणं लावून फार लांब, आडोशाला. धमाका झाला तेव्हा पायाखालची जमीन हलली. जवळ जाऊन पाहिलं तर एका खोलीची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली, पण चौकटीत घट्ट उभी. आत काचेचा भुगा सोडला तर काही नाही. मला अक्षरशः टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग शेजारच्या खोलीत गेलो. काच तीच, त्याच कारखान्यातली. फक्त चौकट साधी, घरगुती, भिंतीत वरवर बसवलेली. ती काच फुटून विखुरली नव्हती, अख्खीच्या अख्खी निसटून समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली होती, एखादं दार उपटून फेकावं तशी. वाटेत माणूस असता तर? जाहिरातीच्या व्हिडिओत पहिली खोली आहे. दुसरी नाही.

दोन वर्षांमागं हुमनाबादकडच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. औषधाची पावडर करणारा कारखाना. शेजारच्या आवारात काहीतरी फुटून यांच्या पॅकिंगच्या हॉलच्या खिडक्या फुटल्या होत्या आणि तिथं काम करणाऱ्या बायकांना काचा लागल्या होत्या. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता आणि घाबरला म्हणूनच त्याला निर्धास्त व्हायचं होतं. त्यानं आमचा व्हिडिओ पाहिला होता. मला हॉलमध्ये नेऊन म्हणाला, "ही तुमची काच बसवली की टेबलं खिडकीला लावायलोय. उजेड चांगला येतोय. मग काय टेन्शनच न्हाई." खिडकीतून समोरच, आवारापलीकडं, त्यांची स्वतःची भट्टी दिसत होती, जिथं रसायनं तापवतात. टेबलांशी बायका डबे भरत होत्या. त्यातल्या सगळ्यात वयस्क अक्कांच्या गालावर नुकतीच भरत आलेली जखम होती.

आमच्या साहेबांनी निघताना बजावलं होतं, मोठी ऑर्डर आहे, जास्त बोलू नका. मी उभीच होते. आधी काचेचं चांगलं सांगितलं, मनापासून सांगितलं, की मागच्या वेळी ही काच असती तर या अक्कांच्या गालाला टाका पडला नसता. मॅनेजर खूश झाला. मग मी म्हणाले, "पण साहेब, ही काच तुमच्या या चौकटीत बसवली तर काच धरेल आणि चौकट सोडेल. पोलादी चौकट लागेल, भिंतीत खोल पकडलेली. आणि तीसुद्धा एका मापाच्या धक्क्यापर्यंतच. धक्का मोठा असला, जवळून आला, तर काय होईल ते मी सांगू शकत नाही. टेबलं खिडकीला लावू नका. काच बसवली तरी लावू नका."

त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही काच विकायला आलाव का नको म्हणायला?"

मला तुमची ती भजी आठवली आणि हसू आलं. म्हणाले, "विकायलाच आलेय. चांगली काच आहे. पण बायका तिच्या भरवशावर बसणार आहेत, म्हणून ती कुठवर धरते ते सांगायलेय."

अक्का डबा हातात धरून तशाच म्हणाल्या, "मग बाई, आमी कुठं बसावं, तेवढं सांगा की."

अप्पा, इतक्या वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांना हॉलच्या मागच्या अंगाची खिडकी नसलेली भिंत दाखवली. मॅनेजर म्हणाला तिथं उजेड नाही. अक्का म्हणाल्या, "दिवं लावा की साहेब, डोळं गेल्यापरीस बरं." बाकीच्या बायका हसल्या, पण त्यांचे हात थांबले होते आणि सगळ्या मॅनेजरच्या तोंडाकडं बघत होत्या. त्यानं मला चहा पाजला आणि कळवतो म्हणून वाटेला लावलं. आमच्या साहेबांनी त्या दिवशी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. ऑर्डर गेली असंच आम्ही धरून चाललो.

पण मॅनेजरचा फोन आला. टेबलं हलवली म्हणाला, दिवे लावले. भट्टीकडच्या खिडक्यांना काच आणि पोलादी चौकटी दोन्ही घेतल्या. बाजूच्या खिडक्यांना मात्र खर्च झेपत नाही म्हणून नवी काच जुन्याच चौकटीत बसवून घेतली. मी विरोध केला, पुन्हा सांगितलं, शेवटी टेबलं तिकडं न्यायची नाहीत असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. माझ्या हातात तेवढंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची भट्टी उडाली. बातमी कळली तशी मी निघाले.  फाटकाशी पहिल्यांदा विचारलं, माणसं? भट्टीवरची दोन पोरं भाजली होती, दवाखान्यात होती. पुढं ती बरी होऊन घरी आली, पण एकाच्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत. त्यांच्यासाठी माझी काच काहीच करू शकत नव्हती. मग हॉलमध्ये गेले. भट्टीकडच्या काचा पांढऱ्या पडल्या होत्या, एकही जागा न तडकलेली नाही, आणि तरी सगळ्या आपापल्या चौकटीत. बाजूची एक काच मात्र चौकट सोडून आत आली होती आणि बरोबर तिथं पडली होती जिथं पूर्वी डबे भरायचं टेबल होतं. खाली नुसती फरशी. बायका त्या वेळी मागच्या भिंतीशी कामावर होत्या. कानात दडे बसले, एक-दोघी घाबरून पडल्या, बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

अक्का मला हाताला धरून त्या पडलेल्या काचेपाशी घेऊन गेल्या. एका टोकाला त्यांनी पायानं हलवून बघितलं, हलली नाही. "लई जड हाय गं," म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या दंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, बराच वेळ. मॅनेजर लांबून बघत होता.  त्या क्षणी अप्पा, मला तुम्हाला हाक मारावीशी वाटली. तुमचं बोलणं तुमच्या माघारी, तुम्ही कधी न पाहिलेल्या कारखान्यात, एवढ्या बायकांच्या कामी आलं होतं, आणि ते तुम्हाला सांगायला कुणी नव्हतं.

महिन्याभरानं कंपनीनं तिथं नवा व्हिडिओ काढला. मला त्या तडकलेल्या काचांसमोर उभं केलं आणि बोलायला सांगितलं. मी म्हणाले, पडलेली काचही दाखवणार असाल तर बोलते. हो म्हणाले. मी दोन्हीसमोर उभी राहून सगळं बोलले. काच, चौकट, टेबलं, भट्टीवरची पोरं. व्हिडिओ आला तेव्हा त्यात फक्त चौकटीत टिकलेल्या काचा होत्या आणि माझं पहिलं वाक्य होतं, "ही काच चांगली आहे, मी छातीवर हात ठेवून सांगते." पुढचं सगळं कापलेलं. खाली तोच शब्द, निर्धास्त. मी भांडले. लेखी कळवलं. साहेब म्हणाले, जाहिरात म्हणजे काही चाचणीचा अहवाल नसतो. आता गिऱ्हाइकाकडं गेले की त्या पडलेल्या काचेचा माझ्या फोनमधला फोटो मी आधी दाखवते, मग बाकीचं बोलते. नोकरी अजून आहे. किती दिवस राहील ते बघू.

व्हिडिओ आला त्या दिवशी मी घरी रागानं तो पुन्हा पुन्हा लावून बघत होते, कुठून कुठं कापलाय ते शोधत. माय स्वयंपाकघरात ज्वारीची भाकरी थापत होती. तिला आता कमी दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. थापायचा आवाज एकदम थांबला. ती पिठाच्या हातानं दारात आली आणि म्हणाली, "कोण बोलायलंय गं? तुझं अप्पा बोलायल्यागत वाटलं."

तुमचा आवाज आपल्याकडं कशातच भरून ठेवलेला नाही, अप्पा. तुमचे शब्द मला सगळे पाठ आहेत, पण आवाज कसा होता ते बऱ्याच वर्षांपासून मला आठवत नव्हतं, आणि हे मी मायला कधी सांगितलं नव्हतं. तिला मी पुन्हा लावून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत उभी राहिली, तव्यावरची भाकरी करपली तरी हलली नाही.

हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून सांगते. ती जाहिरात अर्धी आहे आणि अर्धी म्हणूनच खोटी आहे, असं मी चारचौघांत म्हणते. पण माझ्या फोनमधून मी ती पुसलेली नाही. माय झोपली की मीही लावते.